काका, ते बंपर पांढरे का पडले

काका, तुमच्या शेडची किल्ली काकूंनी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "लोकांच्या वस्तू हायेत आत. परत द्याया पायजेत. तुला फोनवर बोलता येतं, मला न्हाई जमायचं." तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. त्यातले सात दिवस मी रहाटणीच्या त्या पत्र्याखाली बसून कुठला पार्ट कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करते आहे. बंपर, चाकांवरच्या रुंद कडा, आरशांची घरं, एक अख्खा डॅशबोर्ड. सगळे डोंगरात चालवायच्या जुन्या जीपचे, उन्हानं करडे पडलेले, काही अर्धे काळे झालेले. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला तुम्ही खडूनं मालकाची खूण लिहून ठेवली आहे. ती खूण फक्त तुम्हालाच कळणारी. "कामशेतचा डॉक्टर." "पिवळी जीप, दाढी." "भांडखोर."

भांडखोर काही मला सापडला नाही. तोच एक दिवस आला. दारातला तुमचा फोटो बघून आधी चपला काढल्या, मग आत आला. बंपर उलटसुलट करून म्हणाला, "उजवी बाजू राहिली वाटतं." मी म्हटलं, दुसरीकडे कुठे करून मिळतंय का बघा. "नको," म्हणाला, "असाच बसवतो. कुणी विचारलं तर सांगीन, कारागीर अर्ध्यात गेला." बाहेर पडता पडता थांबला. "तीन महिने लावले राव त्यांनी. माझ्या मागून आलेल्यांचं आधी करून द्यायचे. मी फोनवर काय काय बोललोय, तुम्हाला नाही सांगत."

मी तुम्हाला शेवटचं काय बोलले होते, तेही मी त्याला सांगितलं नाही.

मी दमले आहे, काका. रडून दमले असते तर बरं झालं असतं. रडायला अजून जागाच मिळाली नाही. आधी तुमच्यावर चिडले होते, मग बाबांवर, आता कुणावर चिडायचं तेच कळेनासं झालंय, आणि आमच्या घरात चिडल्याशिवाय कसं जगायचं ते कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या घराबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. पलंगाखाली ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती "कामगार बंधू-भगिनींनो" या ओळीवर. बाबा चाकणच्या प्लास्टिक मोल्डिंग कंपनीत लाइन लीडर आणि युनियनचे सेक्रेटरी. तुम्ही त्यांच्या शेजारी, मिक्सिंगला. रविवारी विहारातून आलो की बाबा मला खुर्चीवर उभं करायचे आणि मी ते पिवळ्या कागदावरचं पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवायचे. मथळा होता, "दाणे वाचवणार मालक, शिक्षा भोगणार कामगार". बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. तुम्हीही असायचात तिथे कधीकधी. तुम्ही टाळ्या वाजवायचात का, हे गेल्या आठवड्यात मी खूप आठवून पाहिलं. आठवत नाही.

त्या पत्रकातली गोष्ट मला इतकी पाठ होती की ती कुणीतरी लिहिलेली आहे, हेच मी विसरले होते. काळ्या प्लास्टिकचा बंपर बनवताना मिक्सरमध्ये मोठ्या पोत्यातला दाणा पडतो, काळा रंग पडतो, आणि एका छोट्या पोत्यातले वेगळे दाणे पडतात, जे प्लास्टिकला उन्हापासून वाचवतात. छोटं पोतं महाग. ते टाकलं नाही तरी बंपर साच्यातून तसाच काळाभोर बाहेर येतो, बघून कुणालाही कळत नाही. दोन उन्हाळे गेले की ऊनच सांगतं. तसे एका महिन्यातले काही बंपर पांढरे पडले, गाडीवाल्या कंपनीची तक्रार आली, आणि बाबांच्या कंपनीनं त्यांनाच चार्जशीट दिली, की तुमच्या लाइनवर छोटं पोतं टाकलं गेलं नाही. पत्रकात बाबांनी उत्तर दिलं होतं की पोतं स्टोअरमधून आलंच नव्हतं, पैसे वाचवायला कंपनीनंच ते बंद केलं होतं. बाबांची नोकरी गेली. आमच्या घरात ही गोष्ट जन्मकथेसारखी होती. आपण कोण आणि आपल्याबरोबर काय झालं, याचं उत्तर त्या एका पिवळ्या कागदावर होतं.

तुम्ही त्यानंतर काही महिन्यांनी स्वतःहून नोकरी सोडलीत आणि ही शेड टाकलीत. आयुष्यभर जे पार्ट बनवले, तेच पांढरे पडून आले की पुन्हा काळे करायचा धंदा. मला ते लहानपणी विनोदी वाटायचं, कॉलेजात गेल्यावर दुःखद वाटायला लागलं, आणि नंतर त्यावर मी एक लेखही लिहिला होता. तो तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चांगलं लिवलंय. पर ह्यात माझं काम कुठाय?"

तुमचं काम मी शेकडो वेळा पाहिलं होतं, लिहिलं कधीच नव्हतं. पार्ट आला की तुम्ही आधी तो पालथा करायचात. साच्यातून निघालेल्या प्रत्येक पार्टच्या मागे एक छोटा गोल ठसा असतो, कडेनं महिन्यांचे बारा आकडे, मध्ये वर्ष आणि महिना दाखवणारा बाण. तुम्ही त्यावरची माती अंगठ्यानं पुसायचात, डोळे बारीक करून बघायचात, आणि मग पार्ट रांगेत ठेवायचात. कधी शेवटी, कधी एकदम पुढे. मला वाटायचं, जुना पार्ट आधी करत असाल. विचारलं नाही.

मग धुणं. अर्धा अर्धा दिवस नुसतं धुणं, साबण आणि भांड्यांचा ब्रश, डोंगरातली तांबडी माती खाचाखाचांतून निघेपर्यंत. मग वॉटर पेपर नावाचा बारीक पॉलिश कागद, पाण्यात बुडवून गोल गोल, हात न टेकवता. पार्ट आणखी पांढरा दिसायला लागायचा आणि मालक घाबरायचा. हीट गन तुमच्याकडे होती, पण तिला तुम्ही जपून हात लावायचात. गरम हवा इस्त्रीसारखी फिरवत नेली की आतला काळा रंग वर येतो, जादूसारखा, पाच मिनिटांत. बाकीचे दुकानदार तेवढंच करतात. तुम्ही म्हणायचात, दरवेळी थोडं थोडं आतलं जळतं, तिसऱ्यांदा केलं की डोंगरात पहिल्या दगडाला तडकणार. म्हणून तुम्ही जवसाचं तेल आणि फडकं घेऊन बसायचात. एका बंपरला दोन दिवस. खांदा दुखायला लागला की डाव्या हातानं.

तो जुन्या गाड्यांचा एजंट आठवतो? पांढरा शर्ट, दोन फोन. म्हणाला, "काका, जास्त डोकं नका लावू. नुसतं काळं दिसलं पाहिजे. रविवारी पार्टी येतीय बघायला."

"मंग माझ्याकडं कशापायी आलास?" तुम्ही म्हणालात. "डोक्याला लावतोस त्येच तेल लाव की."

"पावसात उतरतं हो ते."

"मंग पार्टीला सांग, पावसात गाडी काढू नको. घरात ठेव, हळदी-कुंकू वाहा."

तो हसत राहिला. तुम्ही त्याचा पार्ट उचलून परत त्याच्या गाडीत ठेवला तेव्हा त्याचं हसू थांबलं. हा प्रसंग मी पुढे एका सभेत सांगितला. श्रमिकाचा स्वाभिमान वगैरे. लोकांना आवडला. तुम्हाला ते कळलं. मग म्हणालात, "संपादकबाई, माझी गोष्ट सांगून टाळ्या नका घेत जाऊ. मी बसलेलो असतो हितं, मला ऐकू येतंय."

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, तुम्ही जुन्याचं नवं करून विकणाऱ्यांना मदत करता. तुम्ही म्हणायचात, "नवं न्हाई करत मी. जेवढं उरलंय तेवढं दाखवतो." मी म्हणायचे, पांढरं पडलं कशानं ते लोकांना सांगा, त्यावर तेल काय चोळता. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या पत्रकात दोनच माणसं. एक लई चांगला, एक लई वाईट. मंग आमी बाकीच्यांनी कुठं हुबं राहायचं?" मी याला उत्तर दिलं होतं. लांबलचक. त्यातला एक शब्द आता आठवत नाही, तुमचा प्रश्न मात्र तसाच्या तसा आठवतो.

गेली तीन वर्षं मी आमच्या संघटनेसाठी चाकणच्या प्लास्टिक कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांवर पुस्तिका करत होते, हे तुम्हाला माहीतच होतं. पहिलं प्रकरण बाबांचं. त्याला एकच साक्षीदार हवा होता, मिक्सिंगवर उभा असलेला माणूस. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही थट्टेवारी नेलंत. दुसऱ्यांदा दिवाळीत, आमच्या घरी. तुम्ही फक्त बाबांकडे पाहिलंत. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, त्याला नको असेल तर." मला वाटलं, काय मोठं मन आहे माझ्या बापाचं.

तिसऱ्यांदा शेडमध्ये. दोन-अडीच महिने झाले असतील. कामशेतचे डॉक्टर बाकावर बसलेले होते.

"एवढंच लिहून द्या," मी म्हटलं, "की त्या दिवशी छोटं पोतं स्टोअरमधून आलं नव्हतं."

तुम्ही वॉटर पेपर बादलीत बुडवलात. "न्हाई देता यायचं."

"आता कसली भीती? ती कंपनी बंद पडून किती वर्षं झाली."

"भीती न्हाई."

"मग काय आहे? माझ्या बाबांनी नोकरी घालवली. तुम्ही शेजारी उभे होता. एक ओळ लिहायला तुमचा हात उचलत नाही?"

"पोरी, चा घे आधी."

"तुम्ही भित्रे आहात, काका. तेव्हाही होता."

डॉक्टर मोबाइलमध्ये बघायला लागले. तुम्ही पेपर पिळलात, बंपरवर ठेवलात आणि पुन्हा गोल गोल फिरवायला लागलात. "व्हय," म्हणालात, "हाय मी भित्रा." आवाज चढला नाही. चहा आला होता, तो मी तसाच ठेवून निघाले. त्यानंतर रहाटणीतून जाताना मी पलीकडचा रस्ता धरायचे. दोनदा तुमची हीट गन चालू असल्याचा आवाज ऐकला. थांबले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता ना.

तुम्ही दुपारी शेडमध्येच पडलात. शेजारच्या पंक्चरवाल्यानं रिक्षात घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी आकुर्डीला छापखान्यात होते, पुस्तिकेची प्रुफं तपासत. बाबांचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर तुमच्या चपला. कुणीतरी म्हणालं, द्या इकडे, पिशवीत ठेवतो. त्यांनी दिल्या नाहीत. स्मशानापर्यंत त्या त्यांच्याजवळ होत्या. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मित्र गेला.

अकराव्या दिवशी बाबा शेडमध्ये आले. म्हणाले, एकटीला जड पार्ट उचलतील का. आम्ही दोघांनी तो रांगेतला पहिला बंपर उचलला. बाबांनी तो पालथा केला, अगदी तुमच्यासारखा, आणि ठशावर अंगठा फिरवला. मग तो खाली ठेवला आणि तुमच्या स्टुलावर बसले.

"हा त्याच महिन्यातला आहे," म्हणाले.

"कुठल्या?"

"पोतं आलं होतं."

मला आधी कळलंच नाही, कसलं पोतं.

"छोटं पोतं. स्टोअरमधून आलं होतं. मिक्सरच्या मागच्या बाजूला पडून होतं. तुझा सुदामकाका टाकायचं विसरला. अख्खी शिफ्ट. प्रत्येक मिक्सची एक स्लिप असायची, एकानं माल टाकायचा आणि दुसऱ्यानं बघून सही करायची. मी न बघता सह्या केल्या. तो माझ्या स्लिपवर करायचा, मी त्याच्या. आमची तशीच पद्धत होती. बघायला गेलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं."

"मग पत्रक?"

"पत्रक मी लिहिलं."

"खोटं?"

त्यांनी पायानं बादली थोडी बाजूला सरकवली. "दाणे ते लोक वाचवायचेच. जुन्या प्लास्टिकचा चुरा मिसळायला लावायचे, रंग कमी टाकायला लावायचे. मला वाटलं, इथे नाही तर तिथे, खरंच आहे की. त्या दिवसापुरतं खोटं होतं."

"आणि काका?"

"चार्जशीट आली तेव्हा तो निघाला होता मॅनेजरला सांगायला. मी हात धरला. म्हटलं, तू बोललास तर दोघंही जाऊ आणि युनियनही जाईल. तो म्हणाला, मंग तू एकटा जातो व्हय? मी म्हटलं, मला निदान पत्रक आहे. तुझ्याकडे काय आहे?"

मी तिथून उठून बाहेर आले. रस्त्यावर रहाटणीची नेहमीची गर्दी होती, शाळेच्या गाड्या, भाजीच्या हातगाड्या. मला काहीतरी फेकावंसं वाटत होतं आणि हातात तुमचा ब्रश होता. तो कशाला उचलला होता कोण जाणे.

मग एक एक गोष्ट लागायला लागली. त्या महिन्याचा बाण दिसला की तुम्ही पार्ट पुढे का घ्यायचात. भांडखोर तीन महिने का थांबला. दिवाळीत बाबांकडे का पाहिलंत. तुम्ही सही केली असती तर खोटं लिहिलं असतं, आणि का करत नाही ते सांगितलं असतं तर माझा बाप माझ्यासमोर खोटा ठरला असता. दोन्हीतलं काहीच तुम्हाला करायचं नव्हतं. म्हणून एका परक्या गिऱ्हाइकासमोर मी भित्रा म्हटलं, ते तुम्ही कबूल करून टाकलंत.

यासाठी तुमचे आभार मानावेत, असं रोज सकाळी उठल्यावर वाटतं. दुपारपर्यंत राग येतो. मी काही खुर्चीवर उभी राहणारी मुलगी राहिले नव्हते, काका. सत्तावीस वर्षांची बाई आहे मी. मला सांगायचं होतंत. तुम्ही आणि बाबांनी मिळून मला जपलंत आणि त्या जपण्यात मी तीन वर्षं एक खोटी गोष्ट छापायच्या मागे हिंडत होते. संध्याकाळी मग स्वतःला विचारते, सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता का? नसता. म्हटलं असतं, हा माणूस स्वतःची चूक लपवायला मेलेल्या कंपनीची बाजू घेतोय. कदाचित तेही छापलं असतं. तुम्ही मला ओळखत होता.

एक मात्र तुमच्याशी भांडायचंच आहे. वीस-बावीस वर्षं तुम्ही त्या एका शिफ्टपायी त्या महिन्याचे बंपर शोधून शोधून घासत बसलात. खांदा गेला. कुणी सांगितलं होतं? त्या बंपरांतले किती भंगारात गेले असतील, किती कोकणात, राजस्थानात पांढरे होऊन उभे असतील. तुमच्या शेडपर्यंत आलेल्या थोड्यांना काळं करून काय होणार होतं? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. म्हणून तर चिडचिड होते.

छापखान्याचे फोन येत होते. मी बाबांना सांगितलं, पहिलं प्रकरण जाणार नाही. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, नुसतं काढून टाकलं तरी ते खोटंच राहतं, ते पत्रक लोकांनी वाचलंय, मी शंभर ठिकाणी सांगितलंय. दोन दिवस ते नेहमीसारखे जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रविवारी तुमची गेट मीटिंग आहे ना चाकणला? मी बोलतो."

काल ती झाली. मोशीच्या ट्रॅफिकमधून आम्ही दोघं बसनं गेलो, बाबा खिडकीशी. दुपारची पाळी बदलायची वेळ. गेटच्या बाहेर चहाच्या टपरीमागे मोकळी जागा आहे, तिथे चाळीसेक माणसं बसली होती, निम्म्याहून जास्त पोरी. त्या कारखान्यातही प्लास्टिकचेच पार्ट बनतात. बाबांना दोन-चार जुने लोक ओळखत होते, त्यांनी हार आणला होता. बाबांनी तो घातला नाही. माझ्याकडे दिला.

तुम्ही त्यांची भाषणं ऐकली आहेत. हात वर, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. काल तसं काही नव्हतं. पुढच्या दोन रांगांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते बोलले. सगळं सांगितलं. पोतं, स्लिप, सही, पत्रक. तुमचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तो माणूस खरं बोलायला निघाला होता, मी त्याला अडवलं. तो गेल्यावर सांगतोय, याची मला लाज वाटते." मग ते तो दिवस कसा होता ते सांगायला लागले, मला त्या शेडमध्ये सांगितलं नव्हतं तेही. पहिली पाळी करून तुम्ही निघत होता. दुपारच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून तुम्हाला थांबवलं. सकाळी सहापासून तुम्ही उभे होता, डबा एकच होता, तो सकाळीच संपला होता. संध्याकाळी बाबांनी पाहिलं तर तुम्ही मिक्सरला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटले होते. त्यांनी हाक मारली, तुम्ही म्हणालात, हाय हाय, जागा हाय. आणि मग त्यांनी सही केली.

बाबांचं बोलणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जुने गृहस्थ उठून निघून गेले. दुसरे म्हणाले, "साहेब, हे आता कशाला काढलंत? कंपनीवाले हेच दाखवतील, की चूक कामगारांचीच असते." मलाही आतून तेच वाटत होतं. अगदी खरं सांगते, काका. मी हिशेब करत होते की याचं आता काय होणार.

मागच्या बाजूला एक पोरगी बसली होती, निळा ॲप्रन, मांडीवर डब्याची पिशवी. नांदेडकडची असावी. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मामा, एक इचारू का?"

"विचार की."

"सकाळधरून उभ्या मानसाला दुपारची पाळी कामून करायला लावली?"

"दुसरा माणूस आला नव्हता."

"आला नव्हता का ठिवलाच नव्हता?"

बाबा हळूच म्हणाले, "ठेवलाच नव्हता. त्या महिन्यात मिक्सिंगची दोन माणसं कमी केली होती."

"मंग हे तुमच्या कागदात हाय का?"

"नाही."

"कामून?"

बाबा खोटं लिहिण्यात गुंतले होते, मी ते पाठ करण्यात, आणि तुम्ही, काका, तुम्ही ती चूक इतकी आपली मानलीत की तिच्या मागे कोण उभं आहे ते वळून बघितलं नाहीत. खरी गोष्ट खोट्यापेक्षा जड होती. आमच्यापैकी कुणी ती उचलून पाहिलीच नाही.

गेटवर भोंगा झाला. पोरगी उठली, पिशवी काखेला लावली. बाबांनी विचारलं, "सुटली ना तुझी पाळी?"

"एक सुटली. दुसरी हाय आता. माझ्या मशीनवर पन मानूस न्हाई." ती हसली थोडी. "बगते मी पोतं-बितं ऱ्हायलंय का मागं."

ती निघाल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "ते पहिलं प्रकरण रिकामं झालंय ना," म्हणाले, "तिथे हिचं घाल. पण आधी तिला विचार. नाव घालायचं का, तेही विचार." मी हार टपरीवाल्याच्या बाकावर ठेवला आणि धावत गेटपर्यंत गेले. ती रांगेत उभी होती, कार्ड हातात. मी विचारलं.

घरी बोलून सांगते म्हणाली. मी म्हटलं, चालेल. कितीही दिवस लागले तरी चालेल.